शनिवारच्या मुलाखतींबाबत सूचना

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवारी सकाळी १० वाजता रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर आपल्या हवामान-ॲपसाठी मच्छीमारांच्या मुलाखती आहेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, त्यामुळे तांडेल (होडीचे प्रमुख) मंडळी किनाऱ्यावर सापडतील. पण जाळी दुरुस्तीचं काम हातात असतंच, म्हणून कुणालाही पाऊण तासाच्या वर अडकवू नये.

– एका घरी दोघांनीच जायचं. एकाने बोलायचं, दुसऱ्याने टिपणं घ्यायची. तिसरा आला की चौकशीला आल्यासारखं वाटतं.

– टेकल्या टेकल्या फोन पुढे करू नका. आधी होडी, जाळं, गेल्या हंगामाची मासळी. समोरचा जमिनीवर बसून जाळं शिवत असेल तर तुम्हीही खालीच बसा, शिवणं थांबवायला लावू नका. हात चालू असले की माणूस मोकळं बोलतो.

– "परीक्षा ॲपची आहे, तुमची नाही" हे सांगायचंच. बटण सापडेना तरी लगेच बोट दाखवायचं नाही. गप्प बसणं जड जातं, पण बसा.

– "ॲप चांगलं आहे ना?" असं विचारलंत तर "हो" च मिळणार. त्याऐवजी "मागे वारा फिरला तेव्हा कुणाला फोन केलात?"

– रेकॉर्डिंग विचारूनच. नको म्हणाले तर विषय संपला. कुठलाही प्रश्न टाळता येईल, मधेच थांबता येईल, हेही आधीच सांगा.

– मानधनाचं पाकीट सुरुवातीलाच द्यायचं.

मासळी विकणाऱ्या बायकांकडे आपल्यातली एक तरी बाई हवी. कोण येणार ते गुरुवार संध्याकाळपर्यंत कळवा. पाऊस आहे, टिपणवही प्लास्टिकच्या पिशवीत आणा.