ओकायामाच का

पुणे, १६ मार्च २०२५

प्रिय आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की दुसऱ्या वाक्याला बाबा "बरं, आईशी बोल" म्हणतात आणि आई विचारते, जेवलीस का. म्हणून लिहायला बसले. जपानला जाऊन जपानी शिकायची शाळा ठरली. टोकियोची नाही, ओकायामाची. ऑक्टोबरची तुकडी, दीड वर्षाचा कोर्स.

बाबा, तुम्ही विचारलं होतं की पुण्यात काय कमी आहे. कमी काही नाही. रानडे इन्स्टिट्यूटपासून गल्लीतल्या क्लासपर्यंत जपानी शिकायला पुण्याइतकी सोय कुठे असेल! मीही एन-थ्री इथेच पास झाले. पण त्या परीक्षेत बोलायचं नसतंच. नुसते पर्याय निवडायचे. गेल्या पावसाळ्यात कंपनीत जपानी पाहुणे आले होते. आमच्या साहेबांनी माल पाठवायची तारीख पुढे ढकलायची विनंती केली. पाहुण्यांनी श्वास आत ओढला, "सोरे वा चोत्तो..." एवढंच म्हणाले आणि थांबले. चोत्तो म्हणजे थोडं. मी सांगितलं, थोडं अवघड आहे पण बघतो म्हणताहेत. प्रत्यक्षात त्यांनी साफ नकार दिला होता. आई, भिशीला ये म्हणणाऱ्या बाईला तू "बघू हं" म्हणतेस ना, तसं. तुझं "बघू हं" मला कळतं कारण मी तुझ्या घरात वाढले. तसं ते चोत्तो कळायला तिथे राहावं लागणार.

मामा टोकियोच्या बाजूने आहे, आणि त्याचं म्हणणं चूक नाही. शाळा सगळ्यात जास्त तिथे, पुढे नोकऱ्याही तिथेच. आईला टोकियोतलं निशि-कासाई आवडलंय, कारण तिथे डाळ-पीठ मिळतं आणि आपली माणसं आहेत. मूळचे आपल्याकडचे योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये त्या भागातून, एदोगावा वॉर्डातून, नगरसेवक म्हणून निवडूनसुद्धा आले. पण आई, मला मी ओळखते. संध्याकाळी दमून आले आणि खाली कुणी मराठी बोलणारं भेटलं, तर मी जपानीत तोंड उघडणार नाही.

पैशांचं सांगते. शाळेची फी वर्षाला आठ लाख येन, म्हणजे साडेचार लाख रुपयांच्या थोडी वर. विद्यार्थ्यांना परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येतं. गेल्या ऑक्टोबरपासून टोकियोत किमान वेतन तासाला ११६३ येन, ओकायामात ९८२. फरक १८१ येनचा. त्याला २८ ने गुणलं की आठवड्याला पाच हजार, महिन्याला वीस हजार. आणि टोकियोच्या शाळेने कळवलेली खोली ओकायामाच्या खोलीपेक्षा महिन्याला पंचवीस हजार येनने महाग. झाला हिशेब.

मी ज्या एजंटकडे आधी गेले होते तो म्हणाला, २८ तासांत फी, भाडं, जेवण सगळं सुटतं, वर घरी पैसे पाठवाल. शिवाय अर्जासाठी दाखवायची बँकेतली शिल्लक कमी पडली तर महिनाभरासाठी "भरून देऊ" म्हणाला. तिथूनच उठले. वेतन हजार धरलं तरी महिन्याला सव्वा लाखाच्या आतच येन होतात, तेही पूर्ण तास काम मिळालं तर. त्यात फीचे सत्तर हजार बाजूला काढायचे. सुरुवातीचे दोन-तीन महिने माझ्यासारखीला काम मिळेल ते मागच्या बाजूला भांडी घासायचं, आणि वर्गात डोळे मिटायला लागले की गेली भाषा. हजेरी घसरली तर व्हिसा वाढवून मिळायला अडचण, ते वेगळंच.

मग मी चार शाळांना स्वतःच मेल लिहिली. वर्गात कुठल्या देशांची मुलं किती, हे मुद्दाम विचारलं. चीनहून आलेल्या मुलांना कांजी, म्हणजे ती चित्रासारखी अक्षरं, निम्मी घरचीच असतात. वर्गात तीच जास्त असली तर शिक्षक कांजीवर थांबत नाहीत, आणि आपल्यासारख्यांची फरफट होते. एका शाळेने रंगीत माहितीपत्रक पाठवलं, एकीने फीचा तक्ता. ओकायामाच्या बाईंनी प्रत्येक प्रश्नाचं वेगळं उत्तर दिलं, आणि अवघड कांजीच्या डोक्यावर बारीक अक्षरांत उच्चार लिहून, म्हणजे फुरिगाना घालून. मी कुठे अडखळेन हे त्यांना माझ्या एका मेलवरून कळलं होतं. खरं सांगते, माझा निर्णय तिथेच झाला. बाकीचा हिशेब नंतर मांडला.

ओकायामा तुम्ही पाहिलंय, निदान त्याची सावली तरी. सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात आपण गेलो होतो, आई म्हणाली होती, झाडं इतकी कापलीत की जीव गुदमरत असेल त्यांचा. ते उद्यान पुणे-ओकायामा मैत्रीचं, आणि ज्याच्यावरून केलं ते कोराकुएन ओकायामात आहे. १७०० साली पुरं झालेलं, नदीपलीकडे काळा किल्ला. नदीचं नाव आसाही, सकाळचा सूर्य. बाबांच्या प्रीतिसंगमावरच्या फेरीसारखी तिथे माझी फेरी होईल. तिथली बोलीही वेगळी आहे. खूप म्हणायचं तर पुस्तकात "तोतेमो", ओकायामात "देरे". कराडची मुलगी "लई"वाल्यांच्यातच चाललीय म्हणा ना.

भूकंपाचं बाबा बोलले नाहीत, पण आईने सांगितलं की तुम्ही रात्री बातम्या बघत बसता. जपानात त्याच्यापासून सुटका कुठेच नाही, खोटं कशाला सांगू. पण १९६७ च्या डिसेंबरात, कोयनेच्या वेळी, तुम्ही नऊ वर्षांचे होतात, घर मातीचं होतं आणि पुढचे कित्येक दिवस अंगणात झोपलात, हे मी शंभर वेळा ऐकलंय. तिथे १९८१ साली बांधकामाचे भूकंपाचे नियम कडक झाले. म्हणून वसतिगृह कधी बांधलं हेही विचारून घेतलं. १९९८ चं आहे.

आता राग मानू नका. शाळेच्या अर्जात "खर्च कोण करणार" असा रकाना आहे. तिथे मी माझं नाव लिहिलंय. सात वर्षांच्या नोकरीतले अकरा लाख आहेत, फी आणि पहिलं वर्ष त्यात बसतं. तुमची एफडी मोडायची नाही. तुम्ही परवा बँकेत गेला होतात हे मला कळलंय. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्याच पैशांतून व्हायचंय, आणि ते मी जायच्या आधी, जूनमध्ये. माझी सुट्टी टाकून झाली.

आई, मेतकूट आणि गोडा मसाला दे. आंबे नकोत, ताजी फळं कागदपत्रांशिवाय विमानतळावरच काढून घेतात. आमटीची आठवण येईल, कारण तिथल्या साध्या सूपमध्येही बहुतेक मासळीचा अर्क असतो. मी काय खायचं ते बघेन, तू त्यावर रडू नकोस.

अजून एक गंमत. तिथे परक्यांसमोर स्वतःच्या आईला "हाहा" म्हणतात आणि वडिलांना "चिचि". दुसऱ्यांच्या आईवडिलांना मात्र मानाचे वेगळे शब्द. म्हणजे दीड वर्ष मी तुमचा उल्लेख हाहा आणि चिचि असा करणार आहे.

अर्ज एप्रिलमध्ये जाईल, इमिग्रेशनचं उत्तर ऑगस्टच्या शेवटी येतं. त्यात घरच्यांची माहिती भरायची आहे. बाबांचा व्यवसाय "निवृत्त शिक्षक" लिहिलाय. आईची जन्मतारीख आधारवर १ जून आहे, शाळेत घालताना आजोबांनी लिहिलेली. खरी कुठली ते सांगशील का? अर्जात १ जूनच जाईल, पण मला माहीत असू दे.

तुमची,
मनू