देवळालीचा ‘ताप’ इंग्रजीला

मा. संपादक,
स. न.

मराठीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांवरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. उलट्या दिशेने गेलेला एक शब्द आमच्या गावचा आहे, म्हणून हे पत्र.

शब्द आहे ‘डूलॅली’, अर्थ ‘डोकं फिरलेला’. मुलीकडे लीड्सला गेलो असताना शेजारच्या आजीबाई कुंपणापलीकडून नवऱ्याची तक्रार सांगत होत्या : चष्मा फ्रिजमध्ये ठेवतो, पार डूलॅली झालाय. म्हटलं, बाई, मी तिथलाच! त्यांना पटेना. जावयाने मोबाइलवर देवळाली स्टेशनची पाटी दाखवली, तेव्हा म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही जन्मापासूनच?”

डूलॅली म्हणजे आमची नाशिकजवळची देवळाली. ‘ळ’ गोऱ्यांच्या जिभेला कुठला झेपायला! एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे लष्करी छावणी झाली. नोकरीची मुदत संपलेले सोजीर मायदेशी परतण्याआधी इथे आणून ठेवत. मुंबईहून त्यांच्या बोटी सुटत त्या साधारण नोव्हेंबर ते मार्च. ज्याची मुदत एप्रिलात संपली, त्याने काय करायचं? ना कवायत, ना काम. उन्हाळा आणि पावसाळा नुसता बसून काढायचा. मग दारू, मारामाऱ्या, कुणी भ्रमिष्टासारखं वागू लागे. असा कुणी दिसला की सोबती म्हणत, याला ‘डूलॅली टॅप’ झाला. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या सैनिकाने १९३६ सालच्या आपल्या आठवणींत या म्हणीचं मूळ छावणीतल्या कंटाळ्यातच असावं, असं म्हटलं आहे.

पुढे ‘टॅप’ गळून पडला आणि नुसतं ‘डूलॅली’ उरलं. ब्रिटनमध्ये ते आजही बोलण्यात आहे, तेही बहुधा थट्टेने. ऑक्सफर्डच्या कोशातही आहे. आमच्या गावातल्या किती जणांना हे ठाऊक आहे, कोण जाणे. इथे तोफखान्याच्या शाळेचं कौतुक असतं, शब्दाचं नाही.

राहिला तो ‘टॅप’. कोशकार त्याचं मूळ उर्दू-फारसी ‘तप’कडे, म्हणजे ज्वराकडे नेतात. असेल, छावणीत हिंदुस्तानीच चालायची. पण आमच्याकडे ताप दोन प्रकारचा, एक अंगातला आणि दुसरा डोक्याला होणारा. सात महिने बोटीची वाट बघत बसलेल्या सोजिराला मला तरी दुसराच लागू वाटतो.

आपला,
एक वाचक, देवळाली कॅम्प