मंत्री महोदय, आमच्या सिस्टरांचा सन्मान वॉर्डात करा

प्रति,
माननीय वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय जय भीम.

महोदय, मी उत्तर नागपुरात राहते. माझा मुलगा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रुग्ण आहे, एसएस पॅटर्नचा, म्हणजे आई-वडील दोघांकडूनही हा दोष आलेला. आज मी आपल्याला लिहिते आहे ती एका सिस्टरांसाठी. शहरातल्या एका शासकीय रुग्णालयात, लहान मुलांच्या वॉर्डात त्यांची तीस वर्षांहून जास्त सेवा झाली आहे. त्यांचं नाव मी देत नाही, रुग्णालयाचंही नाही, कारण त्यांना न विचारता हे लिहिते आहे आणि माझ्या पत्रामुळे त्यांना कुणाला उत्तरं द्यावी लागू नयेत. येत्या मे महिन्याच्या अखेरीस, ५८ वर्षं पूर्ण होताच, त्या निवृत्त होतील. त्याआधी शासनाने त्यांचा सन्मान करावा, एवढंच म्हणून थांबले असते. पण तो कसा करावा, याबद्दलही आम्हा पालकांना काही म्हणायचं आहे.

सिकलचं मूल वॉर्डात येतं ते बहुतेक वेळा दुखणं उठलं म्हणून. विळ्याच्या आकाराच्या झालेल्या लाल पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढे रक्त जात नाही, आणि हाडं अशी ठणकतात की पोरगं अंगाला हात लावू देत नाही. डॉक्टर सलाईन आणि वेदनाशामक लिहून देतात. पण सलाईन लावायला आधी शीर सापडावी लागते. पुन्हा पुन्हा भरती झालेल्या मुलाच्या शिरा कडक होतात, सुई लागताच निसटतात, फुटून हात सुजतो. एका खासगी दवाखान्यात माझ्या मुलाला दोन्ही हातांना आणि मग पायांना टोचून झालं होतं, आणि तो रडायचाही थांबला होता. तिथे कुणीतरी म्हणालं, बघा, आता शांत झाला.

आमच्या सिस्टर असं कधी म्हणणार नाहीत. गप्प झालेलं सिकलचं मूल त्यांना जास्त काळजीचं वाटतं. त्या आल्या की सुई लगेच हातात घेत नाहीत. गरम पाण्यात पिळलेलं फडकं मुलाच्या हाताभोवती गुंडाळतात, हात खाटेच्या कडेवरून खाली सोडतात आणि बोलत बसतात. "काऊन रे बाबू, लय दुखून राहिलं? आज कोणता हात द्यायचा, तूच सांग." मूल ज्या हाताने लिहितं तो हात होईल तोवर सोडून देतात. मग बोटाच्या टोकाने चाचपत राहतात. आपल्याला वाटतं तिथे काहीच नाही, आणि नेमक्या त्याच जागी पिवळ्या टोकाची २४ नंबरची इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनची बारीक नळीची सुई, आत जाते. बहुतेक वेळा पहिल्याच खेपेला. चिकटपट्टी लावतानासुद्धा मनगट मोकळं ठेवतात, म्हणजे मुलाला कूस बदलता येते.

त्यांनीच मला माझ्या मुलाची पानथरी, म्हणजे प्लीहा, तपासायला शिकवली. माझी बोटं धरून त्याच्या डाव्या बरगडीखाली दाबली आणि म्हणाल्या, "ताई, ही जागा ओळखून ठेवा. इथे एकदम मोठं लागलं आणि पोरगं पांढरंफटक पडलं, तर सकाळची वाट पाहायची नाही. ताप चढला तरी नाही." पानथरीत रक्त साठून लहान मूल काही तासांत दगावू शकतं, हे मला पुढे डॉक्टरांनी नीट समजावलं. पण हात कुठे ठेवायचा ते सिस्टरांनी आधीच शिकवून ठेवलं होतं. माझ्यासारख्या किती आयांना त्यांनी हे शिकवलं असेल! गडचिरोली, गोंदियाहून येणाऱ्या, बालाघाट, छिंदवाड्याहून येणाऱ्या. गोंडी बोलणाऱ्या आईशी त्या तिला कळतील अशा चार शब्दांत बोलतात, उरलेलं हाताने दाखवतात, आणि तिला कळलं की नाही हे पाहायला तिलाच करून दाखवायला लावतात.

आणखी एक गोष्ट. या मुलांना पाणी खूप प्यावं लागतं आणि त्यांना लघवीलाही वारंवार जावं लागतं. माझा मुलगा शाळेत पाणी प्यायचं टाळायचा, कारण बाहेर सोडत नसत. सिस्टरांच्या ते बोलण्याबोलण्यात लक्षात आलं. त्यांनी एका कागदावर वर्गशिक्षकांसाठी दोन ओळी लिहून दिल्या: याला पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यावी, लघवीला विचारेल तेव्हा सोडावं, थंडीत स्वेटर काढायला लावू नये. खाली डॉक्टरांची सही घेतली. त्या कागदानंतर शाळेतून उचलून आणण्याची वेळ कमी वेळा आली.

महोदय, भारतात हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ साली, निलगिरीत. मध्य भारतातल्या सिकलबद्दलचा लेख १९५८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेलचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं आणि २०४७ पर्यंत या आजाराच्या निर्मूलनाचं उद्दिष्ट ठरलं. याबद्दल आम्ही पालक मनापासून आभारी आहोत. डॉक्टरांनी शोधलं ते छापलं गेलं, शासनाने ठरवलं ते कागदावर आलं. सिस्टरांना जे येतं ते मात्र कुठेच लिहिलेलं नाही. सेवापुस्तकात रुजू झाल्याची तारीख असते, वेतनवाढी असतात, रजा असतात. हात किती वेळ शेकायचा, गप्प मुलाच्या चेहऱ्यावर काय पाहायचं, घाबरलेल्या आईला कोणती गोष्ट आधी सांगायची, हे नसतं. मे महिन्यात ते सगळं त्यांच्याबरोबर घरी जाईल.

खरं तर ते जायला आधीच सुरुवात झाली आहे. अधिपरिचारिका म्हणून लागलेली सिस्टर अनुभवाने परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज, होते, पुढे सहायक अधिसेविका, अधिसेविका. बढती त्यांच्या हक्काची आहे, ती मिळायलाच हवी. पण प्रत्येक बढतीबरोबर त्यांच्या माथी कागदपत्रं येतात आणि खाट लांब जाते. इन्चार्ज झाल्यापासून आमच्या सिस्टरांचा दिवस ड्युट्या लावण्यात, औषधांची मागणीपत्रं भरण्यात, चादरी मोजून घेण्यात, बंद पडलेल्या मशीनसाठी पत्रं लिहिण्यात जातो. नव्या सिस्टरला शीर सापडली नाही की त्या रजिस्टर मिटून उठतात, म्हणून आमचं निभावतं. सर्वात चांगला हात असलेल्या सिस्टरला आपली व्यवस्था रुग्णापासून दूर नेते आणि त्यालाच तिची प्रगती समजते. मला हे पटत नाही.

परिचारिकांसाठीचा राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार १९७३ पासून दिला जातो आणि तो राष्ट्रपतींच्या हस्ते मिळतो. आमच्या सिस्टरांना तो मिळाला तर या शहरातल्या कितीतरी घरांत पेढे वाटले जातील. पण त्यासाठी अर्ज भरावा लागतो, वरिष्ठांची शिफारस लागते, आणि स्वतःबद्दल चार ओळी लिहायला बसणाऱ्या बाई त्या नव्हेत. म्हणून पहिली विनंती अशी, की राज्याकडून नावं सुचवताना रुग्णांना आणि नातेवाईकांना विचारण्याची सोय करा. प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सुट्टीचा कागद देतानाच एक साधा मराठी-हिंदी फॉर्म द्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं म्हणणं समाजसेवा अधीक्षकांनी लिहून घ्यावं. सिस्टर रात्री अडीच वाजता काय करतात, हे त्या वेळी खाटेशेजारी बसलेल्या माणसालाच ठाऊक असतं.

दुसरी विनंती मोठी आहे. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टर अध्यापकांचं निवृत्तीचं वय ५८ पेक्षा जास्त आहे, कारण अनुभवी शिक्षक घरी पाठवणं परवडत नाही. अनुभवी सिस्टरही शिक्षकच आहेत, त्यांचा वर्ग फक्त वॉर्डात भरतो. ज्यांची इच्छा आणि तब्येत आहे अशा निवृत्त सिस्टरांना त्यांच्याच वॉर्डात, योग्य मानधनावर, निदान दोन वर्षं नव्या परिचारिकांच्या मार्गदर्शक म्हणून बोलवा. त्यांच्या हातात एकही रजिस्टर देऊ नका. नव्या मुलीने सुरुवातीचे काही महिने त्यांच्या शेजारी उभं राहून काम करावं, एवढंच त्या पदाचं काम असू द्या.

हे पद रिक्त जागा भरल्याचं दाखवायला मात्र वापरलं जाऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या होत्या. तेव्हा आम्हा रुग्णांचे हाल झाले, तरी त्यांचं म्हणणं मला पटलं होतं. अध्यापन रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात दर ३ रुग्णांमागे १ परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. मी ज्या वॉर्डात रात्री काढल्या तिथे एकेक सिस्टर याच्या कितीतरी पट मुलं सांभाळताना पाहिली आहे. त्या जागा कायम भरतीनेच भरायला हव्यात. मार्गदर्शक सिस्टर त्यावर जास्तीच्या असाव्यात.

आपण डिसेंबरात हिवाळी अधिवेशनासाठी नागपुरात येता. सिकलच्या मुलांसाठी तेच दिवस कठीण असतात, थंडीने दुखणं उठतं. एका रात्री, ड्युटी बदलण्याच्या वेळी, शहरातल्या कोणत्याही शासकीय रुग्णालयाच्या बालरोग वॉर्डात आपण यावं. फुलांचे गुच्छ नकोत, आगाऊ सूचना नको, बरोबर एक अधिकारी पुरे. एक सिस्टर दुसरीला खाटेखाटेशी उभं राहून काय काय सांगते ते ऐका. कोणत्या मुलाने दिवसभरात किती पाणी प्यायलं, कुणाच्या हाताची सलाईन सुजत आली आहे, कुणाची आई सकाळपासून जेवली नाही. ते ऐकल्यावर आपण जो निर्णय घ्याल तो मला मान्य असेल.

मार्गदर्शक पदासाठी वित्त विभागाची मान्यता लागेल, शासन निर्णय काढावा लागेल, याची मला कल्पना आहे. अधिवेशनाच्या काळात त्याची सुरुवात झाली तर मे अखेरच्या आत आदेश निघू शकतो, आणि आमच्या सिस्टरांना जूनमध्ये त्याच वॉर्डात परत येता येईल. त्यांना तसं यायचं आहे का, हे शासनाने त्यांना रीतसर विचारावं.

आपली नम्र,
सिकलसेलग्रस्त मुलाची आई
उत्तर नागपूर