राउटर बंद-चालू करून न सुटणारी तक्रार

प्रति,
तक्रार निवारण विभाग

विषय : रोज संध्याकाळी रखडणारं इंटरनेट आणि न तपासताच बंद केलेली तक्रार

महोदय,

माझी मागची तक्रार 'निराकरण झाले' असा मेसेज पाठवून तुम्ही बंद केलीत. घरी कोणी आलं नाही, लाइन कोणी तपासली नाही. एका राउटरवर घरातली एवढी माणसं असली की नेट हळू चालणारच, राउटर बंद करून चालू करा, एवढंच फोनवर सांगितलं. हे कारण मला मान्य नाही. का नाही, ते इथे सविस्तर लिहिते, म्हणजे पुढचं बोलणं पुन्हा राउटरच्या बटणापासून सुरू होणार नाही.

घरातलं वाय-फाय आम्ही आधीच तपासलं. आतल्या खोलीत ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंतींमुळे जेमतेम पोचतो, म्हणून तिथला टीव्ही २.४ वर आहे. २.४ मध्ये एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. त्यांतला कमी गर्दीचा निवडून कायम केला. मुलीच्या फोनमधले फोटो क्लाउडवर चढायला लागले की अपलोड भरून जायचं आणि सासऱ्यांचा व्हिडिओ कॉल अडखळायचा. आता फोटो मध्यरात्रीनंतर चढतात. ही दुखणी घरची होती, ती घरीच निस्तरली; त्यांचं खापर तुमच्यावर फोडत नाही.

उरलेलं दुखणं तुमचं आहे. राउटरचं वाय-फाय पूर्ण बंद केलं, एकच लॅपटॉप केबलने जोडला आणि दोन पिंग (छोटी पॅकेट पाठवून उत्तर परत यायला किती वेळ लागतो ते मोजणं) एकदम चालू ठेवले : एक राउटरच्या १९२.१६८.१.१ या पत्त्याला, दुसरा राउटरपलीकडे तुमच्या नेटवर्कच्या पहिल्या टप्प्याला. दुपारी दोन्ही सुरळीत. संध्याकाळी राउटरचं उत्तर तसंच, १ मिलिसेकंदाच्या आसपास. तुमच्या टप्प्याचं मात्र १५० च्या वर जातं आणि मधली काही पॅकेट परतच येत नाहीत. गूगलच्या ८.८.८.८ या सर्व्हरला पिंग केलं तरी तेच, त्यामुळे तुमचं उपकरण फक्त पिंगला उत्तर द्यायचं टाळतं, असंही म्हणता येणार नाही. त्या वेळी घरातलं दुसरं काहीच जोडलेलं नव्हतं. मग ही गर्दी कोणाची?

फायबर कुठे वाकली असेल किंवा कनेक्टरवर धूळ बसली असेल, तर त्रास असा वेळ पाळून होत नाही. तरीही ओएनटीपाशी, म्हणजे फायबर घरात जिथे जोडली जाते त्या डब्यापाशी, येणारी ऑप्टिकल पॉवर (प्रकाशाची ताकद) मोजा. जीपॉनवर, म्हणजे एकच फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या जोडणीवर, ती साधारण उणे २७ डीबीएमच्याही खाली गेली की जोडणी डळमळते. आकडा ठीक निघाला, तर तुमच्या केंद्रातलं एकच पोर्ट वाटून घेणाऱ्या घरांना किंवा त्यापुढच्या लिंकला संध्याकाळी क्षमता अपुरी पडते, असाच माझा अंदाज आहे. ती राउटर बंद-चालू करून वाढणार नाही. तुमच्या प्रतिनिधीने सुचवलेला वरचा प्लॅन घेऊनही नाही.

तेव्हा मोजलेली पॉवर आणि त्या पोर्टचा संध्याकाळचा वापर मला लेखी कळवा. ज्या काळात सेवा नीट मिळाली नाही, त्याची रक्कम पुढच्या बिलातून वळती करा. माझ्या होकाराशिवाय ही तक्रार बंद करू नका. पिंगच्या नोंदी वेळेसह सोबत जोडल्या आहेत.

आणि तंत्रज्ञ संध्याकाळीच पाठवा. दुपारी आला, तर त्याला सगळं ठणठणीत दिसेल आणि तसाच शेरा मारून तो निघून जाईल.

आपली,
नोंदणीकृत ग्राहक