चिन मुलांच्या अभ्यासवर्गासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

दिल्लीतल्या उत्तमनगरच्या चिन मुलांसाठी (म्यानमारच्या चिन प्रांतातून आलेल्या निर्वासितांची मुलं) आपलं मंडळ चालवत असलेल्या अभ्यासवर्गाच्या खोलीचं भाडं दोन महिने थकलं आहे. घरमालकांनी महिनाअखेरची मुदत दिली आहे. वर्ग आपण सर्वांनी सभेत हात वर करून मंजूर केला होता, एवढी आठवण देतो.

वर्गाची सुरुवात ब ब्लॉकमधल्या काकूंच्या गच्चीवर झाली. (नाव छापू नका म्हणाल्या, म्हणून छापत नाही. सगळ्यांना कळलंच.) मुलांना हिंदी येईना आणि आपल्याला त्यांची हाखा किंवा फालम बोली. निवृत्त गणिताच्या सरांनी दुखऱ्या गुडघ्यांनी तीन जिने चढून पाढ्यांपासून शिकवलं. माजी अध्यक्षांनी घरचा समारंभ साधेपणाने उरकून फळा, पंखा आणि सतरंज्या दिल्या. महिला शाखेने दिवाळीत चकल्या विकून वह्या घेतल्या. भाजणी घरची, तेल घरचं, नफा मुलांचा! आणि वर्गातला पहिला मोठा मुलगा अमेरिकेत इंडियानापोलिसला गेल्यावर त्याने पहिल्या पगारातून खोलीचं एका महिन्याचं भाडं पाठवलं. त्याच्या पावतीची स्थळप्रत कोषाध्यक्षांनी वेगळी जपून ठेवली आहे.

त्या शहरात आता हजारो चिन आहेत, क्वालालंपूरलाही आहेत. जो जिथे असेल तिथून गावी पैसे पाठवतो. गिरणगावातून कोकणात मनीऑर्डरी जायच्या, तसंच. इथले आईबापही ढाब्यावर भांडी घासून किंवा कारखान्यात धागे कापून उरेल ते मिझोरामच्या छावणीत अडकलेल्या म्हाताऱ्यांना धाडतात. म्यानमारच्या सीमेवरची तियाऊ नदी ओलांडून मिझोराममध्ये आलेल्यांना मिझो लोकांनी भाऊबंद म्हणून घरात घेतलं, तेही सरकारी मदतीची वाट न पाहता. मग मुलांच्या शिकवणीला हाती काय उरणार?

मागच्या सभेत एकांनी विचारलं, "हे परत का जात नाहीत?" उत्तर तेव्हा द्यायला हवं होतं, वेळ संपल्याने राहिलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारच्या लष्कराने सत्ता घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चिन प्रांतातल्या थांतलांग गावात आग विझवायला निघालेल्या पास्टरांना गोळी घातली गेली आणि २९ ऑक्टोबरला दीडशेहून जास्त घरं जळाली. गाव ओस पडलं. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे इथे संयुक्त राष्ट्रांचं कार्ड हातात असलं तरी पक्की नोकरी मिळत नाही. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेनेही निर्वासितांना घेणं थांबवलं. बॅगा भरून बसलेली कुटुंबं आहेत तिथेच आहेत.

थोडं मनातलं. २० फेब्रुवारी हा त्यांचा राष्ट्रीय दिवस. १९४८ साली चिन डोंगरातल्या फालम गावच्या सभेत मुखियांची वंशपरंपरागत सत्ता मोडायचं ठरलं, तो दिवस. त्यांनी आपल्या सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. आपल्यातले बरेच जण शाकाहारी, म्हणून मक्याची साबुती बिनमांसाची वेगळी शिजवली होती. खुर्च्या पन्नास मांडल्या होत्या, आपण गेलो सहा जण. ब्रह्मदेशचा (म्हणजे आजच्या म्यानमारचा) थिबा राजा आमच्या रत्नागिरीत राहिला होता, असं मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्यांचे पास्टर हसून म्हणाले की त्याचं राज्य आमच्या डोंगरापर्यंत पोचलंच नव्हतं. पण माणसं बोलावतात तेव्हा जावं. गेल्या हिवाळ्यातल्या आवाहनाला तर फाटके स्वेटर आले, तेही गेटवर टाकून. कृपया पुन्हा असं करू नये.

भाडं दरमहा ९,००० रु., वीज वेगळी. थकबाकी १८,००० आणि पुढचं सहा महिन्यांचं ५४,००० असे एकूण ७२,००० रु. हवेत. गणेशोत्सवाच्या शिल्लकेतून १५,००० कार्यकारिणीने मंजूर केले आहेत. देणगी रोख किंवा धनादेशाने मंडळाच्या नावे, कार्यालयात संध्या. ६ ते ८ (सोमवार बंद), खाते क्रमांक फलकावर. पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. इंग्रजी व गणित शिकवायला आठवड्यातून दोन दिवस देणारे दोघे हवेत, सरांचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे. सहावी ते दहावीची पुस्तकं चालतील, जुने कपडे नकोत. शेवटची तारीख २५. रात्री नऊनंतर फोन करू नये.

आपला,
चिटणीस
(कार्यकारिणीच्या वतीने)