कॅननचा जवळचा नंबर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

बेल्जियममधल्या ब्रूजच्या संग्रहालयात तू दोनदा "बाबा, चला ना" म्हणालीस आणि मी त्या एका चित्रापुढून हललो नाही. गाडीची वेळ होत होती, कळत होतं. पण तीस वर्षं चष्मे विकणाऱ्या माणसाला त्या म्हाताऱ्याच्या हातातला चष्मा सोडवेना.

चित्रकार यान व्हान आइकचं १४३६चं काम. मधोमध बाळ येशूला घेऊन मारिया, एका बाजूला संत डोनाटियन, दुसऱ्या बाजूला चिलखतातला संत जॉर्ज, त्याच्यापुढे गुडघे टेकलेला योरिस व्हान देर पाले. डोनाटियनच्याच चर्चमधला हा कॅनन, म्हणजे चर्चच्या मंडळातला एक पदाधिकारी. पैसे त्याचे, म्हणजे आपल्या भाषेत पूजेचा यजमान! योरिस म्हणजे जॉर्जच, म्हणून नावाचा संत शिरस्त्राण उचलून त्याची ओळख करून देतोय. जॉर्जचा पाय मात्र म्हाताऱ्याच्या पांढऱ्या झग्याच्या काठावर पडलाय. लढवय्या गडी, दरबारी रीत कुठून येणार!

तर चष्मा. दोन भिंगं मध्ये खिळ्यानं जोडलेली, कानावर अडकवायच्या दांड्या नाहीत. त्या काळी नव्हत्याच. ही चाळिशी. पोथी वाचताना लावलेली, आता काढून हातात धरलीय, कारण प्लसच्या काचेतून लांबचं धूसरच दिसणार. गिऱ्हाईक दुकानात मान वर करताना नेमकं हेच करतं. गंमत म्हणजे चष्मा काढूनही तो मारियाकडे बघत नाही. नजर कुठेतरी मध्येच विरते. जाणकार म्हणतात, तो हे सगळं मनात पाहतोय. मला पटलं.

आणि चेहरा! कानशिलावरच्या फुगलेल्या शिरा, लोंबती कातडी, काही म्हणजे काही झाकलेलं नाही. त्या शिरांवरून डॉक्टरांनी त्याच्या आजाराचं निदानही करून पाहिलंय. शिवाय आकारानं तो संतांच्या बरोबरीचा. पुढे ह्यूगो व्हान देर खूसनं पोर्तिनारी कुटुंब रंगवलं, त्यात संत केवढाले आणि यजमान मंडळी चिमुकली.

पुन्हा गेलीस तर जॉर्जच्या पाठीवरची ढाल बघ. तिच्यात एक इवलासा माणूस उमटलाय, बहुतेक चित्रकारच. आणि चष्म्याचा फोटो जवळून काढून पाठव. माझा हललाय, आणि दुकानातल्या पोरांना दाखवायचाय.

तुझा,
बाबा