प्रयोगशाळा मे महिन्यातही उघडीच असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की आपल्या अंकात प्रवेशाची वेळापत्रकं, कटऑफ आणि मेजर-मायनरची (मुख्य-दुय्यम विषयांची) कोष्टकं यांची रीघ लागते. त्यांचा उपयोग होतो, तक्रार नाही. पण ज्या मुलाने बीएस्सीला रसायनशास्त्र मेजर घ्यायचं ठरवलंय, त्याने मधल्या दोन-अडीच महिन्यांत करायचं काय, हे कुठे वाचायला मिळत नाही. मी प्राध्यापक नाही. ठाण्यातल्या एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत एकतीस वर्षं साहाय्यक होतो. द्रावणं करायची, ब्युरेट (खुणा आणि खाली तोटी असलेल्या काचेच्या नळ्या) मोजून द्यायच्या, संध्याकाळी मोजून परत घ्यायच्या. काउंटरच्या अलीकडून जे दिसलं तेवढंच लिहितो.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षीची गोष्ट. एफवायची नवी बॅच, पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं टायट्रेशन, म्हणजे ब्युरेटमधून एक द्रावण दुसऱ्यात थेंबथेंब सोडून रंग टिकेपर्यंत किती लागलं ते मोजायचं. बारावीला होऊन गेलेला प्रयोग, म्हणून मुद्दाम पहिल्याच आठवड्यात ठेवलेला. आदल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "या वेळी परमँगनेट जरा स्ट्राँग करा." एरवी ०.१ नॉर्मल (नॉर्मल हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप) करायला लिटरला ३.१६ ग्रॅम लागतं, मी ३.८ ग्रॅम घेतलं. म्हणजे १० मिली ऑक्झॅलिकला १० मिलीऐवजी ८.३ मिलीच्या आसपास लागायला हवं. तासाभराने वह्या आल्या. बावीस पोरांत सतरा जणांचं सीबीआर, म्हणजे पुन्हा पुन्हा तेच येणारं ब्युरेटचं रीडिंग, १०.० मिली. पायलट (अंदाजाच्या पहिल्या) रीडिंगपासून शेवटच्या रीडिंगपर्यंत सगळं दहा पूर्णांक शून्य! क्लासने दिलेल्या जर्नलमध्ये १०.० होतं, ते इथे उतरलं. चार जण आठ-साडेआठच्या आसपास होते. आणि एकाचं आलं होतं ०.२ मिली.

पोरं त्याला हसली. मॅडम हसल्या नाहीत. खरोखर ब्युरेट चालवून जे दिसलं ते लिहिणारे बावीसांत पाच, आणि हा त्या पाचातला. त्याने फ्लास्क तापवलाच नव्हता. हे मिश्रण ६०-७० अंशांपर्यंत गरम करून घ्यावं लागतं. गार असेल तर पहिल्याच थेंबाचा गुलाबी रंग तसाच रेंगाळतो आणि नवख्याला वाटतं, झाला एंड पॉइंट, संपली क्रिया. त्याला फ्लास्क बर्नरवर धरायला लावला, एक थेंब टाकून थांबायला सांगितलं. रंग हळूहळू गेला. दुसरा थेंब त्याहून लवकर गेला, पुढचे तर पडताक्षणी नाहीसे व्हायला लागले, कारण क्रियेत तयार होणारे मँगनीजचे आयनच पुढच्या क्रियेला उत्प्रेरक होतात. "काका, हे आपोआप फास्ट कसं काय झालं?" त्याने विचारलं. पुस्तकात ते त्याने वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं.

उरलेल्या सतरांना मी दोष देत नाही. त्यांनाच विचारलं तेव्हा कळलं की निम्म्याहून जास्त पोरांनी दोन वर्षांत ब्युरेट हातात धरलीच नव्हती. प्रवेश एका ज्युनियर कॉलेजात, दिवस सगळा क्लासमध्ये. त्याला इंटिग्रेटेड म्हणतात. बारावीच्या रसायनशास्त्राचे ३० गुण प्रॅक्टिकलचे असतात, तरी मी ज्यांना विचारलं त्यांच्यात एकालाही २७ च्या खाली नव्हते. सीईटीत रसायनशास्त्राचे ५० प्रश्न, चार पर्याय, चुकलं तरी गुण कापत नाहीत. त्या परीक्षेसाठी हात ओले करायची गरजच नसते, हे क्लासवाल्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. आणि इंजिनीअरिंगला हवी ती ब्रँच मिळाली नाही की त्यांतलीच बरीच पोरं आमच्या दारात येतात. "निदान बीएस्सी तरी कर" हे वाक्य पालकांच्या तोंडून काउंटरवर इतक्यांदा ऐकलंय की त्यातल्या 'तरी'चा आता राग येतो.

पूर्वी हे सगळं एफवायला निस्तरता यायचं. आता मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांतही २०२४-२५ पासून नवी रचना आली. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचा विषय, भाषा, भारतीय ज्ञान प्रणाली, सगळ्यांना क्रेडिट वाटून द्यायचे. प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे सत्राला ३० तास. त्या तासांत पिपेट (ठरावीक माप ओढून घ्यायची काचेची नळी) रबरी बल्बने कशी भरायची, परमँगनेटचं रीडिंग गडद रंगामुळे वरच्या कडेवर का घ्यायचं, इथपासून सुरुवात केली तर अभ्यासक्रम कधी संपायचा?

गणिताचं दुखणं निराळंच. बारावीच्या पेपरला लॉग टेबल चालतं, कॅल्क्युलेटर नाही. एफवायला कॅल्क्युलेटर हातात येतो आणि घोटाळा सुरू होतो. ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा पीएच २. एका मुलीने ४.६ काढला आणि ठामपणे लिहिला. तिने 'लॉग'ऐवजी शेजारचं 'एलएन' (१० ऐवजी e या पायाचा लॉग) दाबलं होतं. चूक बटणाची, पण उत्तर पाहून तिला शंका आली नाही, ही खरी अडचण. पहिल्या कोटीच्या अभिक्रियेच्या सूत्रातलं २.३०३ सगळ्यांना पाठ असतं. ते एलएनचं लॉग करताना येतं, एवढं सांगणारा बॅचमध्ये क्वचित एखादा. बी ग्रुपची (गणिताऐवजी जीवशास्त्राची) बरीच पोरं तर दहावीनंतर गणिताला रामराम ठोकूनच आलेली असतात. फिजिकल केमिस्ट्रीत इंटिग्रेशन दिसलं की त्यांचा चेहरा पडतो.

म्हणून मायनर निवडताना 'कोणता सोपा' असं विचारू नये, असं मला वाटतं. मेजर-मायनर हे शब्द नवे, प्रकार जुनाच. कमला सोहोनी १९३३ साली मुंबई विद्यापीठातून बीएस्सी झाल्या तेव्हा त्यांचा मुख्य विषय रसायनशास्त्र होता आणि दुय्यम भौतिकशास्त्र. दुर्गाबाई भागवतांच्या या बहिणीला बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी आधी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला होता. पुढे १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएचडी मिळवली. ज्यांना झेपेल त्यांनी भौतिकशास्त्र किंवा गणित मायनर घ्यावं. निदान लॉगरिदम, आलेखाचा उतार आणि साधं डेरिव्हेटिव्ह एवढं तरी जून संपायच्या आत पक्कं करून यावं.

नोकरी कुठे, असं पालक विचारतात. ठाणे-वाशी लोकलने घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे कुठेही उतरा, एमआयडीसीतल्या कंपन्यांत क्यूसीच्या (मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या) लॅब आहेत. आमच्याकडचा एक विद्यार्थी महाप्याला औषध कंपनीत आहे. दिवसभर एचपीएलसी या मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या लाखो रुपयांच्या यंत्रावर असतो. पण इंटरव्ह्यूला त्याला विचारलं होतं, "०.१ नॉर्मल एचसीएल एक लिटर कसं कराल?" तीव्र अ‍ॅसिड साधारण १२ नॉर्मल असतं, म्हणून साडेआठ मिली घ्यायचं, आधी फ्लास्कमध्ये पाणी, मग अ‍ॅसिड, मग खुणेपर्यंत पाणी. त्याने सांगितलं आणि पुढचं बोलणं पगाराचंच झालं. संशोधनात जायचं असेल तर खाडी ओलांडली की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, तिथे बीएस्सीच्या मुलांसाठी एनआययूएस या विज्ञान उपक्रमाची शिबिरं होतात. माझ्याकडच्या कितीतरी हुशार पोरांना टीवायला आल्यावरही त्याचा पत्ता नव्हता!

आता माझं म्हणणं. उन्हाळ्यात प्राध्यापकांना सुट्टी असते, आम्हा शिक्षकेतरांना नसते. एकतीस मे महिने मी त्या लॅबमध्ये बसून डेड स्टॉक रजिस्टर भरलंय, फुटक्या पिपेटचे तुकडे मोजलेत. पंखे चालू, पाणी चालू, टेबलं रिकामी. बारावी झालेल्या आणि रसायनशास्त्र घेऊ इच्छिणाऱ्या कुठल्याही मुलाला, तो पुढे कुठेही प्रवेश घेवो, महाविद्यालयांनी निकालानंतर आठ-दहा सकाळी या टेबलांशी उभं करावं. एखाद्या निवृत्त प्राध्यापकाला मानधन द्यावं. ना परीक्षा, ना क्रेडिट, ना जर्नल. जर्नल तर मुळीच नको. विद्यापीठाचं ठाण्यातलं उपकेंद्र हे सुचवणारं परिपत्रक काढू शकलं तर उत्तमच.

आमच्याकडे मी हे एकदा मांडलं होतं. प्रवेश न घेतलेल्या मुलाच्या अंगावर अ‍ॅसिड सांडलं तर जबाबदार कोण, असा प्रश्न आला आणि विषय तिथेच संपला. प्रश्न रास्त आहे. मग पहिल्या सकाळी अ‍ॅसिडची बाटली कपाटातच राहू द्या. मुलांना घरून व्हिनेगर आणायला सांगा, ज्याच्या घरी जे असेल ते. पांढऱ्या व्हिनेगरच्या बाटलीवर बहुधा चार टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लिहिलेलं असतं. ते दहापट पातळ करून त्यातलं १० मिली पिपेटने घ्यायचं, फिनॉल्फ्थॅलिन या रंग बदलणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब टाकायचे आणि ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोडा सोडायचा. तोही पातळच, पण चष्मा हवाच. कंपनी खरं बोलत असेल तर ६.७ मिलीच्या आसपास गुलाबी होईल. नसेल तर काय निघतं ते पोरांनी फळ्यावर लिहावं, बाटली शेजारी ठेवून.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक,
कोपरी, ठाणे (पूर्व)